आयर्लंडचे तक्ते आणि सासूबाईंचा फॉर्म

आयर्लंडला मी कधी गेलेले नाही आणि आता जाईन असं वाटतही नाही. पण सव्वा वर्ष झालं, रोज सकाळी मी क्लेमेंटीहून एमआरटी पकडते, ब्युओना व्हिस्टाला गाडी बदलते, वन-नॉर्थच्या ऑफिसात शिरते आणि संध्याकाळपर्यंत आयरिश भाषेचे तक्ते करत बसते. कुणाला आयरिश बोलता येतं, कुणाला येत नाही, आणि ज्याला येतं तो शिकलाय किती. एका मराठी बाईनं सिंगापुरात बसून ही उठाठेव का करावी, असं माझ्या बहिणीनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, बाई गं, नोकरी आहे. यापुढे काही सांगायची ताकद त्या दिवशी नव्हती. आजही फारशी नाही.

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. पुण्यात एम.एस्सी., इथल्या विद्यापीठात पीएचडी, मग दोन ठिकाणी पोस्टडॉक आणि आता ही जागा. आमच्या गटाचा प्रमुख आयरिश आहे. साठीला टेकलेला, उंच, खांदे उतरलेले, चहा आमच्यासारखा उकळून पिणारा. ऑफिसात सगळे त्याला पहिल्या नावानं हाक मारतात, म्हणून माझ्याही तोंडी तो ‘तो’ झालाय. आमच्या घरच्या शिस्तीत एवढ्या वयाच्या माणसाला मी ‘ते’ म्हणाले असते.

पहिल्या महिन्यातच तक्त्यांमधली गोष्ट माझ्या लक्षात आली. शिक्षण जसं वाढत जातं तसे ‘हो, मला आयरिश येतं’ म्हणणारे वाढत जातात. कमी शिकलेले कमी ‘हो’ म्हणतात, पदवीवाले जास्त. माझ्या धंद्यात इतकी सरळ चढण नशिबानंच मिळते. मी खुशीत तो आलेख घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. फक्त यात माझी आई नाही."

मग त्यानं सांगितलं. त्याची आई पश्चिम किनाऱ्यावरच्या गावातली. तिकडे घराघरांत आयरिशच बोलायचे. शाळेत जाईपर्यंत तिनं दुसरी भाषा ऐकलीच नव्हती, आणि शाळाही लवकरच सुटली. कोंबड्यांना हाकलायची ती आयरिशमध्ये, नवऱ्याला शिव्या द्यायची ती आयरिशमध्ये, देवाशी भांडायची तेही त्याच भाषेत. हा कॉलेजात असताना जनगणनेचा फॉर्म घरी आला. हा सुट्टीवर आला होता, शिकलेला म्हणून फॉर्म भरायला हाच बसला. ‘आयरिश बोलता येतं का’ हा प्रश्न त्यानं आईला वाचून दाखवला. ती हात पुसत म्हणाली, "मला कुठलं येतंय. तुझं लिही, तू कॉलेजात शिकतोस." तिच्या लेखी आयरिश म्हणजे मास्तरांची, पुस्तकातली. ती स्वतः जे बोलायची त्याला नावच नव्हतं.

"मग तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"तिनं सांगितलं ते. ‘नाही’. माझ्या हातानं लिहिलं."

आम्ही दोघंही थोडं हसलो. मी हे सगळं ऐकलं होतं, समजलंही होतं, हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं ते मला माहीत नसल्यामुळे झालं, असं म्हणायला मला तोंड नाही.

घरी आम्ही चौघं. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवरा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत, त्याचे फोन सकाळी सुरू होतात ते जेवणाच्या ताटावरही चालूच. सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. सासरे गेल्यावर त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून आम्ही व्हिजिट पास काढून इथे आणलं. मी त्यांना आई म्हणते. पहिले काही महिने त्या दहाव्या मजल्याच्या खिडकीपाशी बसून खालच्या बसेस बघायच्या. मी विचारलं, आई कंटाळा येतो का, तर म्हणायच्या, "न्हाई बाई, बसायला काय कष्ट हाईत व्हय?"

त्या बोलायला लागल्या ते नातीमुळे. आमची मुलगी इंग्रजी शाळेतली. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत, त्यालाही इथल्या बोलण्यातली ‘लाह’ची शेपटी. "आय डोन्ट वॉन्ट, लाह." मी पुण्यातली, माझं मराठी म्हणजे पुस्तकी आणि वर दमलेलं. मी तिच्याशी जे बोलायचे त्यात मुख्यतः हुकूम असायचे. आंघोळ कर, डबा संपव, बूट नीट ठेव. अशा भाषेत कोण कशाला उत्तर देईल? आजीकडे मात्र गोष्टी होत्या. पुस्तकातल्या नव्हेत, घडलेल्या. धार काढायला फक्त मालकिणीलाच जवळ येऊ देणारी म्हैस होती. मालकीण माहेरी गेली, मग मालकानं बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसायचं, आणि नेमके त्याच वेळी दारात गावातले पाच जण पंचायतीच्या कामाला हजर. हा मालक म्हणजे माझे सासरे. सासूबाई ही गोष्ट सांगताना पदर घेऊन उकिडव्या बसून दाखवायच्या आणि मुलगी जमिनीवर लोळून हसायची. "मग आजोबा काय म्हनलं? मग म्हस काय म्हनली?" सगळं आजीच्या बोलीत. माझ्याशी एक मराठी शब्द न बोलणारी पोरगी सांगलीच्या रानातलं बोलत होती. मी स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकायचे. थोडा हेवा वाटायचा, खरं सांगते, पण त्याहून जास्त हायसं वाटायचं. चला, एक काम आपल्यावाचून होतंय.

तरीही त्यांचा दिवस मोठा होता. मुलगी शाळेतून तीनला यायची, तोवर त्या आणि भिंती. ब्लॉकच्या तळाशी मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे एक चिनी आजी यायच्या. दोघी शेजारी बसून आपापल्या भाषेत बोलायच्या आणि माना हलवायच्या. पण माणसानं किती माना हलवायच्या? एक दिवस त्या मला म्हणाल्या, "पोरी, मला कायतरी काम बघ. न्हाईतर पास संपायच्या आत गावाकडं धाडून दे. मी हितं नुसती ठेवल्यागत झालीया." हे त्या रडत म्हणाल्या नाहीत, भाजी निवडत म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं. त्यांना इथे राहायचं असेल तर काहीतरी हवं होतं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

काम चालून आलं. आम्हा मराठी मंडळींचा मुलांसाठी रविवारचा वर्ग चालतो, एका कॉन्डो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये. शिकवणारे सगळे हौशी, बँकेतले, हिशेब तपासणीतले, माझ्यासारखे संशोधनातले. वर्गात शेवटचा अर्धा तास गोष्टींचा. तो घेणाऱ्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे परत गेल्या आणि नवं माणूस हवं होतं. वर्ग चालवणाऱ्या बाईंचा मला मेसेज आला, इच्छुकांसाठी एक फॉर्म करून दे ना, तुझं रोजचंच काम. आता घ्या. ज्याला पोहता येतं त्यालाच विहिरीत उतरवतात, तसं माझं आहे. मी ऑफिसातून येता येता, गाडीत उभ्या उभ्या, फोनवर फॉर्म केला. नाव. फोन. शिक्षण. मराठी किती येते: उत्तम, चांगली, थोडी. आणि खाली बाईंना सूचना, आधी ‘उत्तम’वाल्यांना फोन करावा.

माझ्या धंद्यातला कुणीही हा फॉर्म बघून कपाळाला हात लावेल. शिक्षण आधी विचारलं की कमी शिकलेला माणूस तिथेच खाली मान घालतो, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्या घातलेल्या मानेनं देतो. ऑफिसात मी यावर दीड पान लिहिलंय, आयर्लंडच्या संदर्भात. गाडीत ते दीड पान आठवलं नाही. मला फक्त घरी जाऊन पाठ टेकायची होती.

मी घरी सहज म्हटलं की असा असा तास रिकामा आहे. सासूबाईंचा हात पोळपाटावर थांबला. "गोष्टीच सांगायच्या न्हवं? ते मला जमंल की." मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, उद्याच भरू फॉर्म. त्या रात्रभर कुठल्या गोष्टी सांगायच्या ते ठरवत असाव्यात, कारण सकाळी मला डबा भरताना म्हशीची, नवरदेव हरवलेल्या वरातीची अशा तीन गोष्टींची नावं सांगितली आणि विचारलं, पोरांना म्हस ठावं हाय का हितल्या?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले. मुलगी माझ्या खांद्याला टेकून स्क्रीनकडे बघत होती, तिला तेव्हा नुकतं देवनागरी वाचायला यायला लागलं होतं. सासूबाई समोरच्या खुर्चीवर, पदर सावरून, अगदी तपासणीला आल्यासारख्या. मी प्रश्न वाचला. "शिक्षण?"

"चौथी," त्या म्हणाल्या. "नापास न्हाई हं. फुडं घातलंच न्हाई."

"मराठी किती येतं? उत्तम, चांगलं की थोडं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाल्या, "थोडं लिही."

आता इथे माझ्या कामातला एक नियम सांगायला हवा. उत्तर देणारा जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहायचं. त्याला सुचवायचं नाही, त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, आपल्या चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. बारा वर्षं मी हेच केलंय आणि नव्या मुलांना हेच शिकवते. ते हाडात भिनलंय. त्यात त्या दिवशी मला कणीक मळायची होती, वाळलेले कपडे काढायचे होते, सकाळसाठी मुलीची कसली तरी पुठ्ठ्याची रॉकेटं करायची होती. सासूबाई म्हणाल्या थोडं, मी ‘थोडी’वर बोट ठेवलं आणि चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. "झालं, आई," म्हटलं. मुलीनं स्क्रीनवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "थो-डी." तिला स्वतःचं कौतुक वाटलं. आम्ही दोघींनी तिला शाबासकी दिली.

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, आई, काहीतरीच काय, तुमच्यासारखं मराठी या अख्ख्या बेटावर कुणाला येत नसेल. दोन वाक्यं. भाकरी थापायला लागतो त्याच्या निम्माही वेळ लागला नसता. त्या बहुतेक त्याचीच वाट बघत होत्या. कुठलीही बाई आपण होऊन ‘मला उत्तम येतं’ म्हणत नाही, तसं म्हणवून घ्यावं लागतं, हे मला, घरातल्या सुनेला, कळत नव्हतं का? कळत होतं. पण मी सून म्हणून बसलेच नव्हते.

तास मिळाला एका बँकेतल्या गृहस्थांना. त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं होतं. माणूस वाईट नाही, उलट फार सज्जन. पण गोष्ट फोनवर बघून वाचायचे आणि मध्येच विचारायचे, "तर चिल्ड्रन, व्हॉट डिड द फॉक्स डू?" मुलं जांभया द्यायची. सासूबाई दर रविवारी नातीला घेऊन यायच्या आणि फंक्शन रूमच्या बाहेरच्या बाकावर सगळ्या मुलांच्या पिशव्या सांभाळत बसायच्या. काचेतून आत सगळं दिसायचं. मी एकदा विचारलं, आत बसता का. म्हणाल्या, "हितं वारं लागतंय."

आणि घरात गोष्टी बंद झाल्या. मला कळायला तीन आठवडे लागले, इतकं माझं लक्ष. भांडी घासताना एक दिवस जाणवलं की बाहेर नुसता टीव्ही ऐकू येतोय. मुलीला विचारलं तर इंग्रजीत म्हणाली, आजी सांगत नाही, म्हणते सरांना विचार. मी सासूबाईंना म्हटलं, अहो सांगा की, ती वाट बघते. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिचं बिघडंल. तिकडं शिकवत्यात शुद्ध आन घरात मी कायबी बोलती. पुना परीक्षंत मार्क जातील तिचं."

"आई, तिथे परीक्षा नसते."

"मग तो फॉर्म कशाचा हुता?"

त्यांनी आयुष्यात जे काही फॉर्म पाहिले होते, त्यातून निकाल लागला होता. पास किंवा नापास. हाही लागला होता, आणि निकाल त्यांच्या नातीनं वाचून दाखवला होता. मला स्वतःची इतकी चीड आली की मी नवऱ्यावरच ओरडले, तू का नाही बोलत आईशी? तो म्हणाला, मी काय बोलू, फॉर्म तू केलास. तेही खरंच होतं. त्यालाही आता आईशी नीट बोलता येत नव्हतं. लोकांसमोर तो पुण्याचं बोलायचा, आईजवळ एकटा असला की गावाकडचं, आणि दोन्हींच्या मध्ये अडखळून फोन उचलायचा.

मी निस्तरायचा प्रयत्न केला. वर्गाच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या भल्या, म्हणाल्या, अगं आधी सांगायचंस ना, पुढच्या रविवारी त्यांनाच बसव. मी फॉर्म उघडला, ‘थोडी’ काढून ‘उत्तम’ केलं आणि सासूबाईंना दाखवला. वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"दोन महिन्यांखाली थोडं हुतं. आता उत्तम झालं. मधी मी काय शिकली गं?"

"आई, फॉर्म चुकला होता."

"तू एवढी शिकल्याली. तुझा फॉर्म कसा चुकंल?" त्या रागावल्या नव्हत्या. मला समजावत होत्या. "माझ्यासाठी खोटं लिवू नगंस. बायका हसतील तुला."

मी खूप बोलले. म्हशीची गोष्ट, लुगड्याची गोष्ट, मुलगी कशी त्यांच्यासारखी बोलायची, सगळं सांगितलं. शेवटी माझा आवाज चढला. दमलेल्या माणसाचं प्रेमही भांडल्यासारखं ऐकू येतं. त्यांनी माझ्या हातातला लॅपटॉप हळूच मिटवला आणि म्हणाल्या, जाऊ दे, तुला सकाळी लवकर जायचंय. त्या रविवारी त्यांच्या गुडघ्यात कळ होती. पुढच्या रविवारी पण होती.

मी हे आयरिश माणसाला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, खालच्या खाऊगल्लीवजा हॉकर सेंटरमध्ये, समोर गार होत चाललेले नूडल्स. त्यानं नूडल्सचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाला की तो वीस वर्षं प्रत्येक तक्त्याखाली एक तळटीप लिहितोय, ही क्षमता लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, मोजलेली नाही. तळटीप सगळ्यांनी वाचली. त्याच्या आईनं वाचली नाही.

"त्या फॉर्मनंतर ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागली," तो म्हणाला. "तिचं इंग्रजी मोजकं होतं. हवामान, जेवण, गाडी किती वाजता. मी शिकलेला, माझ्यासमोर तिचं आयरिश चुकेल असं तिला वाटायचं. शेवटपर्यंत हवामानच."

"तू काही केलं नाहीस?"

"मी आयरिशवर पीएचडी केली." एवढं बोलून तो ट्रे ठेवायला उठला.

दुपारी मी पुन्हा तक्त्यांसमोर बसले. आयर्लंडातल्या लोकांचे ‘हो’ आणि ‘नाही’. आधी ते मला नुसते आकडे दिसायचे. आता प्रत्येक ‘नाही’मागे कुणीतरी हात पुसत उभी आहे असं वाटायला लागलं आणि काम होईना. डोळे मिटून पाच मिनिटं बसले आणि मग केलं. करायचंच असतं.

सासूबाई पास संपायच्या आत गावाकडे गेल्या. भांडण नाही, रडारड नाही. दिराकडे कुणाचं तरी बाळंतपण होतं, ते निमित्त पुरलं. चांगी विमानतळावर मुलीनं त्यांना मिठी मारली आणि इंग्रजीत लवकर ये म्हणाली. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, जपून राहा, लई पळतीस तू. विमानतळावरून येताना टॅक्सीत आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत होतो. मला वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर, आता एका माणसाचं कमी करायचं, असंही मनात येऊन गेलं. आलं ते आलं.

आता रविवारी व्हिडिओ कॉल असतो. सासूबाई फोन समोर टेकवून, केस विंचरून बसतात. पहिल्या कॉलपासून माझ्या कानाला काहीतरी खटकत होतं, तिसऱ्या वेळी लक्षात आलं. त्या नातीशी शुद्ध बोलायला लागल्या होत्या. "बाळ, तू कशी आहेस? तू जेवण केलेस का? तुझा अभ्यास चांगला चालू आहे ना?" एकेक शब्द जपून, काचेचं भांडं ठेवावं तसा. एवढं झालं की त्यांचे शब्द संपायचे. मग त्या हसून बघत राहायच्या. मुलगीही बघत राहायची. "ओके, आजी, बाय." दोन मिनिटांत कॉल संपायचा.

गेल्या रविवारी मुलीनं बाय म्हटलं नाही. ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "आजी, ती वरातीची सांग ना. नवरदेव हरवलेली."

सासूबाईंचे डोळे चमकले. तोंड उघडलं, हात उचलला, आणि मग तसाच खाली ठेवला. "बाळ, आईकडे फोन दे," त्या म्हणाल्या.

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. मुलगी ऐकत नाही याची खात्री करून त्या पुन्हा आपल्या आवाजात बोलल्या. "पोरी, एक काम कर. ती वरातीची गोष्ट तुझ्या शुद्ध भाषेत वहीत लिवून काढ आन मला फोटू धाड. मी पाठ करती. मग म्हन्जी पोरीला बिनधास्त सांगता यील."

"आई," मी म्हटलं, "मला ती गोष्ट येत नाही."

"येत न्हाई? वरीसभर ऐकत हुतीस की."

"भांडी घासताना ऐकली. तुकड्या तुकड्यानं. नवरदेव कुठे सापडला तेही मला माहीत नाही."

"त्याला इचार."

मी दारातून नवऱ्याकडे बघितलं, विचारलं. तो फोनवर हात ठेवून आठवत राहिला. मग त्यानं मान हलवली.

मी सासूबाईंना तसं सांगितलं. त्यांच्या मागून कुठलीशी कोंबडी ओरडत होती, त्यांनी तिला हाकललंही नाही.

"मग आता," त्या म्हणाल्या, "ती शुद्धातली मी कुनाला इचारू?"